प्रथिने केंद्रकात कशी ओळखली जातात आणि आत कशी नेली जातात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेशीची आकृती काढताना केंद्रकाभोवतीच्या रेषेत आपण चार-दोन फटी ठेवतो आणि पुढे सरकतो. त्या फटींमधून काय जाते, कोणाला जाऊ दिले जाते आणि ते कोण ठरवते, हा पेशीजीवशास्त्रातला अतिशय देखणा विषय आहे. मराठीत त्यावर फारसे लिहिलेले नाही. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांपासून प्रयोगशाळेत नव्याने दाखल झालेल्यांपर्यंत अनेकांना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रथिने केंद्रकात न्यावी का लागतात? ती तिथेच तयार होत नाहीत का?

नाही. डीएनए केंद्रकात असतो, पण प्रथिने बनवणारे रायबोसोम पेशीद्रव्यात काम करतात. त्यामुळे डीएनए गुंडाळून ठेवणारे हिस्टोन, त्याची नक्कल करणारे पॉलिमरेज, तुटलेले धागे सांधणारी दुरुस्ती-प्रथिने आणि जनुके चालू-बंद करणारे घटक ही सगळी मंडळी बाहेर जन्माला येतात आणि कामासाठी आत जातात.

रायबोसोमची स्वतःची गोष्ट तर आणखी लांबची आहे. मानवी रायबोसोमात ८० प्रथिने असतात. ती पेशीद्रव्यात बनतात, केंद्रकात जातात, तिथे आरएनएशी जुळून रायबोसोमचे दोन अर्धे भाग तयार होतात आणि ते भाग पुन्हा बाहेर पडतात. हा द्राविडी प्राणायाम वाटेल, पण या विभागणीचा मोठा फायदा आहे. जनुकाची आरएनए नक्कल निघाल्यावर तिच्यातले नको असलेले तुकडे कापून उरलेले जोडायला निवांत वेळ मिळतो. जिवाणूंमध्ये केंद्रक नाही, तिथे नक्कल पुरी व्हायच्या आधीच रायबोसोम तिच्यावर बसून प्रथिन बनवू लागतो.

केंद्रकपटलावरचे छिद्र म्हणजे साधे भोक असते का?

मुळीच नाही. १९५० साली कॅलन आणि टॉमलिन यांनी उभयचर प्राण्यांच्या अंडपेशींचे केंद्रकपटल इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली पाहिले, तेव्हा ही रंध्रे प्रथम दिसली. आज आपल्याला माहीत आहे की प्रत्येक केंद्रकरंध्र सुमारे ३० प्रकारच्या प्रथिनांच्या मिळून जवळपास १,००० रेणूंचे बनलेले असते. रचना अष्टकोनी सममितीची, बाहेरचा व्यास सुमारे १२० नॅनोमीटर. माणसाच्या पेशीतल्या एका रंध्राचे वस्तुमान एका रायबोसोमच्या पंचवीस-तीसपट भरते. प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींत अशी दोन-तीन हजार रंध्रे असतात, यीस्टमध्ये शे-दोनशे, आणि बेडकाच्या मोठ्या अंडपेशीत कोट्यवधी. रंध्रांचा अभ्यास बेडकाच्या अंड्यांवरून सुरू झाला त्यामागे हेही एक कारण आहे.

खरी गंमत मधल्या पोकळीत आहे. रंध्रातल्या जवळपास एक तृतीयांश प्रकारच्या प्रथिनांना लांब शेपट्या असतात. त्या शेपट्यांमध्ये फिनाइलअलॅनिन आणि ग्लायसिन ही अमिनो आम्लांची जोडी पुन्हा पुन्हा येते, म्हणून त्यांना एफजी शेपट्या म्हणतात. बहुतेक प्रथिनांना ठरलेली घडी असते, या शेपट्यांना ती नसते. शिजलेल्या शेवयांसारख्या त्या पोकळीत सुट्या वळवळत राहतात आणि त्यांतून एक दाट, पण सतत हलणारी जाळी तयार होते. तिथे उघडझाप करणारे झाकण वगैरे काही नाही.

मग लहान प्रथिने त्या जाळीतून आपोआप आत जातात का?

जातात. पाणी, आयन, एटीपीसारखे छोटे रेणू तर सहज ये-जा करतात. प्रथिनांसाठी पुस्तकांत साधारण ४० किलोडाल्टनची (डाल्टन हे रेणूंचे वस्तुमान मोजायचे एकक) मर्यादा दिलेली असते, पण ती काटेकोर नाही. आकार वाढत जातो तसा शिरकाव मंद होत जातो, आणि त्या आकड्याच्या पुढे तो इतका मंदावतो की पेशीला त्याचा उपयोग उरत नाही.

याचा एक व्यावहारिक परिणाम लक्षात ठेवावा. प्रयोगशाळेत सर्रास वापरले जाणारे हिरवे चमकणारे प्रथिन, जीएफपी, फक्त २७ किलोडाल्टनचे आहे. ते एकटे पेशीत सोडले तर केंद्रकही हिरवे दिसते. त्यावरून ‘माझे प्रथिन केंद्रकात गेले’ असा निष्कर्ष काढणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे.

दुसरीकडे, हिस्टोन इतके लहान असतात की आपसूक आत जाऊ शकले असते, तरी पेशी त्यांना वाहक देऊनच नेते. पेशी विभाजनाची तयारी करते तेव्हा थोड्या वेळात प्रचंड संख्येने हिस्टोन लागतात. शिवाय त्यांच्यावर धन भार एवढा असतो की मोकळे सोडले तर वाटेत दिसेल त्या आरएनएला ते चिकटतील. वाहक त्यांना नेतोही आणि झाकूनही ठेवतो.

कोणते प्रथिन आत न्यायचे हे ओळखले कशावरून जाते?

प्रथिनाच्या साखळीतच एक छोटा पट्टा असतो, त्याला केंद्रक-संकेत म्हणू. हा संकेत कसा सापडला ते प्रयोग सावकाश समजून घेण्यासारखे आहेत.

न्यूक्लिओप्लाझ्मिन हे बेडकाच्या अंडपेशीतले प्रथिन. पाच सारखे भाग एकत्र येऊन ते बनते आणि प्रत्येक भागाला एक शेपटी असते. १९८२ साली डिंगवॉल, शार्नहॉर्स्ट आणि लास्की यांनी प्रथिने तोडणाऱ्या विकराने या शेपट्या कापल्या. उरलेला गाभा अंडपेशीच्या पेशीद्रव्यात टोचला, तर तो बाहेरच राहिला. पाचपैकी एकच शेपटी शाबूत ठेवली तरी अख्खे प्रथिन आत गेले. मग त्यांनी शेपट्या नसलेला गाभा थेट केंद्रकात टोचला आणि तो तिथे टिकून राहिला. या शेवटच्या भागाचे महत्त्व फार मोठे आहे. तोवर एक शक्यता अशी होती की सगळीच प्रथिने आत-बाहेर हिंडतात आणि ज्यांना डीएनए पकडून ठेवतो तीच केंद्रकात साठतात. गाभ्याने ती शक्यता खोडून काढली, कारण अडचण टिकण्यात नव्हती, प्रवेशात होती.

दोन वर्षांनी, १९८४ मध्ये, कॅल्डरॉन, स्मिथ आणि सहकाऱ्यांनी एसव्ही-४० या माकडांच्या विषाणूतल्या एका प्रथिनावर काम करून संकेत सात अमिनो आम्लांवर आणून ठेवला: प्रोलिन, लायसिन, लायसिन, लायसिन, आर्जिनिन, लायसिन, व्हॅलिन. यातले एकच लायसिन, साखळीतले १२८ व्या क्रमांकाचे, बदलले तर प्रथिन बाहेर अडकते. उलट बाजूनेही त्यांनी तपासले. साखरेच्या विघटनात काम करणारे पायरुव्हेट कायनेज हे पेशीद्रव्यातले विकर, त्याचा केंद्रकाशी संबंध नाही. त्याला हा पट्टा जोडला आणि ते केंद्रकात गेले. पट्टा काढला तर प्रवेश नाही, पट्टा जोडला तर परक्यालाही प्रवेश. जीवशास्त्रात इतका स्वच्छ पुरावा फार क्वचित हाती लागतो.

पुढे न्यूक्लिओप्लाझ्मिनचा संकेत दोन तुकड्यांचा असल्याचे १९९१ मध्ये स्पष्ट झाले. आधी दोन धन भाराची अमिनो आम्ले, मग दहाएक इतर, मग पुन्हा लायसिनचा घोळका. लायसिन आणि आर्जिनिन यांची दाटी हे दोन्ही प्रकारांचे समान लक्षण.

हा संकेत वाचतो कोण?

इम्पोर्टिन-अल्फा आणि इम्पोर्टिन-बीटा ही जोडी. अल्फा माल, म्हणजे आत न्यायचे प्रथिन, ओळखते, बीटा रंध्रातून नेते.

ही जोडी सापडायला एक साधी युक्ती कारणीभूत ठरली. १९९० मध्ये ॲडम, मार आणि गेरॅस यांनी डिजिटोनिन हे रसायन वापरून पेशीच्या बाहेरच्या पटलाला भोके पाडली. डिजिटोनिन कोलेस्टेरॉलला चिकटते. बाहेरच्या पटलात कोलेस्टेरॉल भरपूर आणि केंद्रकपटलात कमी, म्हणून केंद्रक शाबूत राहते. पेशीद्रव्य धुऊन गेले की आयात थांबते. बाहेरून पेशीद्रव्याचा अर्क घातला की पुन्हा सुरू होते. आता अर्काचे एकेक भाग वेगळे करून घालत जायचे आणि कोणत्या भागाने काम चालू होते ते बघायचे! याच मार्गाने १९९३ मध्ये रॅन (या छोट्या प्रथिनाचे काम पुढे येईल), १९९४ मध्ये इम्पोर्टिन-अल्फा आणि पाठोपाठ इम्पोर्टिन-बीटा हाती लागले. या क्षेत्रातली सगळ्यात उपयोगी कल्पना कोणती असे विचारले तर मी याच पद्धतीचे नाव घेईन.

अल्फाची रचना १९९८ मध्ये स्फटिकांवरून दिसली. एकाच धर्तीच्या दहा घड्या एकावर एक रचून तिची लांबट, किंचित पिळलेली काया बनते आणि तिच्या आतल्या अंगाला एक खाच असते. संकेताचा पट्टा त्या खाचेत आडवा पसरतो. खाचेत ऋण भाराच्या जागा आहेत, तिथे लायसिनची टोके नेमकी बसतात. १२८ व्या लायसिनला एवढे महत्त्व का, त्याचे उत्तर तिथे डोळ्यांनी दिसते.

अल्फाच्या सुरुवातीला एक शेपटी असते आणि ती स्वतःच केंद्रक-संकेतासारखी दिसते. अल्फा एकटी असली की ही शेपटी तिच्याच खाचेत जाऊन बसते, त्यामुळे माल नीट धरला जात नाही. बीटा आली की ती नेमकी हीच शेपटी पकडते आणि खाच मोकळी होते. म्हणजे नेणारा सोबत असल्याशिवाय ओळखणारा माल घट्ट धरतच नाही. ही योजना मला या सगळ्या यंत्रणेतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते, आणि थोड्या वेळाने माल सोडतानाही हीच शेपटी कामाला येते.

ज्या जाळीत इतर मोठी प्रथिने अडतात तिच्यातून बीटा कशी पार होते?

बीटा ही १९ घड्यांची वळणदार साखळी आहे आणि तिच्या बाहेरच्या अंगावर फिनाइलअलॅनिन बसेल असे अनेक छोटे खळगे आहेत. जाळीतल्या शेपट्यांची फिनाइलअलॅनिन त्यात क्षणभर बसतात आणि सुटतात. पकड इतकी हलकी की अडकणे होत नाही, पण इतकी पुरेशी की जाळी तिला सामावून घेते. मालासकट पार व्हायला काही मिलिसेकंद पुरतात. २००१ मध्ये रिबेक आणि गर्लिश यांनी मोजले तेव्हा एका रंध्रातून सेकंदाला सुमारे हजार रेणू जाऊ शकतात असे दिसले.

जाळी नेमकी कशी वागते याबद्दल मात्र अभ्यासकांत दोन मुख्य मते आहेत. एका मते शेपट्या एकमेकींना धरून जेलीसारखा पदार्थ बनवतात आणि वाहक त्या जोडण्या तात्पुरत्या सोडवत जातो. अशा एका शेपटीपासून प्रयोगनळीत खरोखर जेल बनवूनही दाखवले गेले आहे. दुसऱ्या मते शेपट्यांची सततची हालचाल हीच भिंत आहे.

मग प्रथिन आतच का जाते? तेच रंध्र बाहेर का सोडत नाही?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि बहुतेकांची समजूत इथेच चुकते. रंध्र एका दिशेने ढकलते असे वाटते. ते ढकलत नाही. बीटा मालासकट आतही जाऊ शकते आणि तशीच परतही येऊ शकते. दिशा ठरते ती आत पोचल्यावर माल सुटतो म्हणून. आणि तो आतच सुटावा याची व्यवस्था रॅन नावाचे एक छोटे प्रथिन करते.

रॅन सुमारे २५ किलोडाल्टनचे. त्याची दोन रूपे: जीटीपी (एटीपीसारखाच ऊर्जा देणारा छोटा रेणू) धरलेले आणि जीडीपी (जीटीपीतला एक फॉस्फेट तुटल्यावर उरणारा रेणू) धरलेले. जीडीपी काढून जीटीपी बसवायला आरसीसी-१ हे प्रथिन लागते, आणि ते डीएनए-हिस्टोनच्या गुंडाळ्यांना चिकटलेले असते, म्हणजे केंद्रकातच. जीटीपीचे जीडीपी करायला रॅन-गॅप लागते, आणि ते पेशीद्रव्यात, रंध्राच्या बाहेरच्या तोंडाशी असते. परिणामी आत बहुतांश रॅन-जीटीपी, बाहेर जवळपास सगळे रॅन-जीडीपी. पेशीला ‘आत’ कशाला म्हणायचे हे कळते ते या फरकावरून.

बीटा मालासकट आत आली की रॅन-जीटीपी तिला बिलगते आणि तिचे वळण बदलते. अल्फाची शेपटी सुटते. सुटलेली शेपटी परत आपल्या खाचेत शिरू लागते आणि मालाला तिथून हुसकावते. न्यूप-५० हे रंध्र-प्रथिनही या कामात हातभार लावते. रॅन-जीटीपी धरलेली बीटा बाहेर जाते. अल्फाला बाहेर न्यायला कास नावाचा वेगळा वाहक लागतो आणि तोही रॅन-जीटीपीच्या सोबतीने जातो. बाहेर रॅन-गॅप जीटीपी तोडते, सगळे सुटे होतात. रॅन-जीडीपीला परत आत आणायचे काम एनटीएफ-२ करते.

हे नुसते कागदावरचे तर्कशास्त्र नाही. १९९९ मध्ये नाखुरी आणि वाइस यांनी भोके पाडलेल्या पेशींत रॅन-जीटीपी बाहेरच्या बाजूला भरपूर घातले, म्हणजे आत-बाहेरचा हा फरकच उलटा केला. वाहतूकही उलटी झाली. रंध्रे तीच होती.

एका प्रथिनासाठी ऊर्जा किती लागते?

अल्फा-बीटाच्या एका फेरीत दोन जीटीपी खर्च होतात, एक बीटा परत जाताना आणि एक अल्फा परत जाताना. रंध्र ओलांडण्याच्या क्रियेला स्वतंत्र ऊर्जा लागत नाही.

आत जाताना प्रथिनाला आपली घडी उलगडावी लागते का?

नाही, आणि तंतुकणिकेत जाणाऱ्या प्रथिनांपेक्षा हा मोठा फरक आहे. तिथे प्रथिन बहुधा उलगडून धाग्यासारखे ओवले जाते. केंद्रकात घडी घातलेली प्रथिने, एवढेच काय अनेक प्रथिनांचे जुळलेले समूहही सबंध जातात. १९८४ मध्ये फेल्डहेर आणि सहकाऱ्यांनी सोन्याच्या सूक्ष्म कणांवर न्यूक्लिओप्लाझ्मिनचा लेप दिला आणि ते कण रंध्रांच्या मधोमध जाताना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीत टिपले. सोन्याचा कण काही उलगडत नाही! पुढे ३९ नॅनोमीटरपर्यंतचे कण जाऊ शकतात असे दिसून आले.

आत पोचल्यावर संकेत कापून टाकतात का?

सहसा नाही. आपल्या पेशी विभागताना केंद्रकपटल विरघळते आणि आतली प्रथिने पेशीभर पसरतात. नवीन केंद्रके तयार झाली की त्यांना पुन्हा आत जावे लागते. संकेत कापला असता तर पहिल्या विभाजनानंतरच सगळी बाहेर राहिली असती.

सगळी प्रथिने अल्फा-बीटाच्याच मार्गाने जातात का?

नाही. माणसात इम्पोर्टिन-अल्फाचे सात प्रकार आहेत आणि बीटाच्या कुळात सुमारे वीस वाहक. त्यांतले काही आत आणतात, काही बाहेर नेतात, काही दोन्ही करतात. बरेच वाहक अल्फाच्या मदतीशिवाय थेट माल धरतात. ट्रान्सपोर्टिन हा त्यातला चांगला अभ्यासलेला. तो ओळखतो तो संकेत लायसिनच्या घोळक्यापेक्षा लांब असतो आणि शेवटाकडे प्रोलिन-टायरोसिनची जोडी असते. बाहेर नेणाऱ्यांत सीआरएम-१ प्रमुख आहे. त्याला अडवणारे सेलिनेक्सॉर हे औषध २०१९ पासून अमेरिकेत मल्टिपल मायलोमा या कर्करोगावर मंजूर आहे.

काही प्रथिने गरजेपुरतीच आत जातात असे ऐकले. ते कसे?

संकेत असणे आणि संकेत दिसणे या दोन गोष्टी आहेत. पेशी पुष्कळदा संकेत झाकून ठेवते आणि वेळ आली की उघडा करते.

मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेली व्यक्ती घरात असेल तर टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन हे नाव तुम्ही ऐकले असेल. ही औषधे नेमकी इथे काम करतात. रोगप्रतिकारक टी-पेशींत एनएफएटी हे प्रथिन पेशीद्रव्यात फॉस्फेट लागलेल्या अवस्थेत पडून असते आणि त्याचा संकेत झाकलेला असतो. पेशीला परकी वस्तू जाणवली की कॅल्शियम वाढते, कॅल्सिन्युरिन हे विकर जागे होते आणि फॉस्फेट काढून टाकते. संकेत उघडा पडतो, एनएफएटी केंद्रकात जाते आणि हल्ल्याची जनुके चालू करते. टॅक्रोलिमस कॅल्सिन्युरिनला रोखते. एनएफएटी बाहेरच राहते आणि नवे मूत्रपिंड वाचते. संसर्गाचा धोका का वाढतो तेही यातूनच कळते, कारण खऱ्या शत्रूच्या वेळीही हीच वाट अडलेली असते.

दाह निर्माण करणाऱ्या एनएफ-कप्पा-बीचा संकेत असाच एका दुसऱ्या प्रथिनाने झाकलेला असतो, आणि ते प्रथिन नष्ट झाल्यावर वाट मोकळी होते. डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड ज्या ग्राहीला चिकटते, तो ग्राहीही औषध मिळेपर्यंत मुख्यतः पेशीद्रव्यात थांबलेला असतो.

या व्यवस्थेत बिघाड झाला तर कोणते आजार होतात?

एफयूएस हे प्रथिन ट्रान्सपोर्टिनच्या मदतीने केंद्रकात जाते. त्याच्या संकेतातल्या एका प्रोलिनच्या जागी ल्युसिन आले तर ते पेशीद्रव्यात साठते, आणि अशा व्यक्तींना एएलएस हा स्नायूंचे नियंत्रण हिरावणारा चेतापेशींचा आजार होतो, बहुधा तरुण वयात आणि झपाट्याने वाढणारा. एफयूएसमधले दोष २००९ मध्ये उघड झाले. त्याआधी, २००६ मध्ये, एएलएसच्या बहुसंख्य रुग्णांच्या चेतापेशींत टीडीपी-४३ हे केंद्रकातले प्रथिन बाहेर गोळा झालेले आढळले होते.

दुसरे उदाहरण एसआरवाय या प्रथिनाचे. गर्भात वृषण तयार होण्याची सुरुवात ते करून देते. त्याच्या केंद्रक-संकेतात बदल झाल्याने ते पुरेसे आत पोचले नाही, आणि एक्सवाय गुणसूत्रे असूनही शरीराची वाढ मुलीसारखी झाली, अशा व्यक्तींची नोंद आहे. एका अमिनो आम्लाच्या फरकाने आयुष्याची दिशा बदलते.

विषाणू या वाटेचा फायदा घेतात का?

भरपूर. फ्लूचा विषाणू आपला जनुकसंच केंद्रकात नेतो आणि त्यासाठी त्याच्या प्रथिनांवर आपल्यासारखेच संकेत असतात. इबोलाचे एक प्रथिन काही विशिष्ट इम्पोर्टिन-अल्फांना चिकटून बसते, त्यामुळे इंटरफेरॉनचा इशारा केंद्रकापर्यंत नेणारे स्टॅट-१ आत जाऊ शकत नाही आणि पेशीला धोक्याची खबरच लागत नाही. कोविडच्या विषाणूचे ओआरएफ-६ हे प्रथिन न्यूप-९८ या रंध्र-प्रथिनाला धरून तसाच अडथळा आणते. एचआयव्हीचे कवच रंध्राबाहेरच फुटते अशी समजूत बरीच वर्षे होती. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चित्रांत ते सबंध कवच रंध्रातून जाताना दिसले.

आयव्हरमेक्टिन इम्पोर्टिन अडवते म्हणून कोविडवर चालेल असे म्हणत होते. त्यात तथ्य किती?

प्रयोगशाळेतले तथ्य असे: २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाच्या गटाने दाखवले की आयव्हरमेक्टिन इम्पोर्टिन अल्फा-बीटाचे काम रोखते. २०२० मध्ये संवर्धित पेशींत कोविडचा विषाणूही त्याने घटला. पण त्यासाठी वापरलेली मात्रा, नेहमीच्या डोसनंतर रक्तात जेवढे औषध असते त्याच्या कितीतरी पट होती. शिवाय हा विषाणू आपल्या जनुकांची नक्कल पेशीद्रव्यात करतो, त्याला त्यासाठी केंद्रक लागत नाही.

मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने चाचण्यांबाहेर हे औषध कोविडसाठी देऊ नये असा सल्ला दिला. तरी मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या भरात, गोवा सरकारने १८ वर्षांवरील सर्वांना ते देण्याची घोषणा केली. त्या दिवसांतली घबराट आठवली की असा निर्णय का झाला हे समजते, पण पुराव्याच्या दृष्टीने तो चूक होता. नंतरच्या मोठ्या चाचण्यांत, ब्राझीलमधली धरून, रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण त्याने घटले नाही. जंतांवर आणि खरजेवर हे औषध उत्तम आहे, त्यासाठी ते जरूर वापरावे.

शेतीशी याचा काही संबंध आहे का?

थेट आहे. ॲग्रोबॅक्टेरियम हा मातीतला जिवाणू आपल्या डीएनएचा एक तुकडा वनस्पतीच्या पेशीत सोडतो आणि झाडावर गाठ येते. त्या तुकड्याच्या टोकाला व्हीआयआर-डी२ हे प्रथिन जोडलेले असते आणि त्यावर दोन तुकड्यांचा केंद्रक-संकेत असतो, अगदी न्यूक्लिओप्लाझ्मिनच्या धर्तीचा. जिवाणूला स्वतःला केंद्रक नाही, तरी वनस्पतीच्या इम्पोर्टिनला ओळखू येईल असा संकेत त्याने उत्क्रांतीत कमावला! २००२ मध्ये भारतात मंजूर झालेला आणि पुढे विदर्भ, मराठवाडा, खानदेशात पसरलेला पहिला बीटी कापूस याच जिवाणूकरवी जनुक घालून बनवला होता.

क्रिस्पर तंत्रातही हा संकेत लागतो का?

लागतो. क्रिस्पर म्हणजे डीएनए हव्या त्या जागी कापून बदलण्याचे तंत्र. त्यातले कॅस-९ हे कात्रीचे काम करणारे प्रथिन जिवाणूचे आहे, त्यावर केंद्रक-संकेत नाही, आणि सुमारे १६० किलोडाल्टनच्या आकाराने ते आपसूक आत जाणे शक्य नाही. म्हणून मानवी पेशींत वापरताना त्याला संकेत जोडतात, बहुतेकदा तोच एसव्ही-४० चा सात अमिनो आम्लांचा, किंवा न्यूक्लिओप्लाझ्मिनचा, किंवा दोन्ही. १९८० च्या दशकात निव्वळ कुतूहलापोटी शोधलेला पट्टा आज उपचारांत उतरला आहे.

क्रिस्परवर आधारलेला सिकलसेलचा उपचार नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये प्रथम मंजूर झाला. अमेरिकेत त्याची जाहीर किंमत २२ लाख डॉलर आहे. नंदुरबार आणि गडचिरोलीत सिकलसेल घेऊन जगणाऱ्या कुटुंबांपर्यंत तो या किमतीत पोचणार नाही. हे काम आपल्याकडे, आपल्या खर्चाच्या आवाक्यात व्हायला हवे.

माझ्या प्रथिनाच्या साखळीत लायसिन-आर्जिनिनचा घोळका दिसतो. ते केंद्रकात जाते असे लिहू का?

एवढ्यावर लिहू नका. असे घोळके डीएनए किंवा आरएनए धरणाऱ्या प्रथिनांत पुष्कळ असतात. संकेत घडीच्या आत दडलेला असेल तर इम्पोर्टिनला तो दिसतच नाही. संकेत ओळखणारी संगणकीय साधने चांगली आहेत, पण ती सुरुवातीचा अंदाज देतात.

आधी त्या घोळक्यातले लायसिन बदलून अलॅनिन करा आणि प्रथिन बाहेर राहते का ते पाहा. मग तो पट्टा एकटाच एखाद्या मोठ्या, बाहेर राहणाऱ्या प्रथिनाला जोडा. एका जीएफपीवर विसंबू नका, दोन-तीन जीएफपी सलग जोडलेली साखळी घ्या, म्हणजे आपसूक शिरकावाचा प्रश्न मिटेल. दोन्ही निकाल जुळले तर संकेत सापडला म्हणा. आणि प्रथिन सदैव बाहेरच दिसत असेल तरी सोडून देऊ नका. सीआरएम-१ ला अडवणारे लेप्टोमायसिन-बी देऊन पुन्हा बघा. ते आत साठू लागले, तर ते एरवीही आत जात होते आणि तितक्याच वेगाने बाहेर काढले जात होते.